प्राण्यांचे फोटो काढायला निघालात? आधी या चुका टाळा

दर आठवड्याला कोणी ना कोणी मला एखादा फोटो पाठवतं आणि विचारतं, "शार्प का नाही आला? कॅमेरा बदलू का?" फोटो मोठा करून बघितला की बहुतेक वेळा तीच कहाणी निघते. प्राणी फार लांब, ऊन डोक्यावर आलेलं, शटर स्पीड १/१२५ सेकंद, म्हणजे हलत्या प्राण्यासाठी फार संथ. नवा कॅमेरा घेऊन यातलं काहीही सुटत नाही. मी बरीच वर्षं हा छंद करतोय आणि त्याच त्या चुकांवर लोकांचे पैसे आणि उमेद दोन्ही वाया जाताना बघून वाईट वाटतं, म्हणून हे एकदा सविस्तर लिहितोय.

लांबचा प्राणी लेन्सने जवळ आणायचा प्रयत्न

ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिच्यात माझा अख्खा महिना गेला, म्हणून सुरुवात हिच्यापासून.

१५०-६०० मिलिमीटरची लांब पल्ल्याची लेन्स नवीन घेतली होती. मोकळ्या माळावर हरणांचा कळप चरत होता, अंतर अडीचशे मीटर तरी असेल. सकाळचे अकरा वाजून गेले होते. ६०० मिलिमीटर हातात आल्यावर अडीचशे मीटर म्हणजे काय, असं वाटत होतं. चारशेच्या वर फ्रेम काढल्या. घरी येऊन स्क्रीनवर उघडल्या तर एकाही हरणाचा डोळा धड नाही. शिंगांच्या कडा ओल्या कागदावर शाई पसरावी तशा पसरलेल्या. दुसऱ्या दिवशी परत गेलो, ट्रायपॉड लावला, शटर १/२००० केला. निकाल तोच.

मग लेन्सवर संशय. भिंतीवर छापील कागद लावून फोकस तपासला, ऑटोफोकसची बारीक जुळवणी करून बघितली, शेवटी लेन्स दुरुस्ती केंद्रात दिली. तीन आठवड्यांनी "दोष आढळला नाही" एवढ्या शेऱ्यासह ती परत आली. मी चिडलो होतो. पण परत आल्यावर एकदा पहाटे उजाडताना, साधारण वीस मीटरवर बसलेल्या खंड्याचा फोटो त्याच लेन्सने काढला आणि त्याच्या चोचीवरचा पाण्याचा थेंब सुद्धा स्वच्छ आला. लेन्स पहिल्या दिवसापासून ठणठणीत होती. बिघाड मधल्या हवेत होता.

ऊन चढलं की जमीन तापते, तिच्यालगतची हवा तापून वर उठते, आणि गरम-थंड हवेच्या थरांतून येणारा प्रकाश सतत वाकडातिकडा होत राहतो. तापलेल्या डांबरी रस्त्यावर जी थरथर दिसते ना, तीच ही. लेन्स प्राण्याला मोठं करते तशी ही थरथरही मोठी करते. अंतर वाढलं की मधली हवा वाढते, आणि जमिनीला टेकून फोटो काढत असाल तर सगळ्यात तापलेल्या थरातून बघत असता. शटर वाढवून उपयोग नाही, कारण चित्र सेन्सरपर्यंत पोचण्याआधीच मोडलेलं असतं. हा प्रकार फक्त उन्हाळ्यात होतो असंही समजू नका. थंडीत ऊब भरलेल्या गाडीच्या खिडकीतून फोटो काढलात तर आतली गरम हवा लेन्ससमोरून बाहेर पडते आणि तेच होतं. तापलेल्या बॉनेटवरून फोटो काढलात तरी तेच.

दोष हवेचा की फोकसचा, हे ओळखायची माझी सवय सांगतो. एखाद्या न हलणाऱ्या वस्तूच्या, दगडाच्या किंवा खुंटाच्या, लागोपाठ दहा-बारा फ्रेम काढायच्या. प्रत्येक फ्रेममध्ये कडा वेगवेगळ्या तऱ्हेने मोडल्या असतील, एखादी जरा बरी आणि पुढची वाईट, तर हवा. सगळ्या सारख्याच मऊ, म्हणजे अस्पष्ट, असतील आणि मागचं किंवा पुढचं गवत मात्र स्पष्ट असेल, तर फोकस चुकलाय. हे पाच मिनिटांचं काम आहे. ते न करता लेन्स परत करणारे, विकून टाकणारे, "या कंपनीची लेन्सच भिकार" असं सांगत फिरणारे मी डझनाने पाहिलेत.

यावर उपाय एकच, आणि तो कोणालाच आवडत नाही: लवकर उठा, आणि अंतर कमी करा. अंतर कमी करायचं म्हणजे प्राण्याच्या मागे चालत जायचं नाही. तो जिथे येतो तिथे आधी जाऊन, सावलीत, हालचाल न करता बसायचं. एकाच पाणवठ्यावर सलग चार सकाळी बसलं की कोणता पक्षी कोणत्या फांदीवर उतरतो हे कळायला लागतं. नवशिक्यांचा धीर इथेच सुटतो. पंधरा मिनिटं झाली, काही आलं नाही, की उठले आणि पुढच्या जागेला निघाले. माझे सगळ्यात चांगले फोटो दुसऱ्या तासानंतरचे आहेत.

आधी कळस, मग पाया

नवी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेण्यात सगळे पैसे संपतात आणि लेन्स म्हणून तिच्यासोबत आलेली १८-५५ उरते. या छंदात उलटं करायला हवं. एक पिढी जुनी, वापरलेली बॉडी आणि चांगली लांब लेन्स ही जोडी नवी कोरी बॉडी आणि आखूड लेन्स या जोडीपेक्षा कधीही सरस. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी वाटायला लागते, नीट सांभाळलेली लेन्स पंधरा वर्षं साथ देते.

छोट्या सेन्सरला कमी लेखू नका. एपीएस-सी या लहान सेन्सरवर ३०० ची लेन्स फुलफ्रेम या मोठ्या सेन्सरवरच्या ४५० इतकं दृश्य दाखवते, कॅननमध्ये ४८० इतकं. लेन्स ३०० चीच राहते, सेन्सर लहान असल्याने मधला तेवढा भाग टिपला जातो, पण पक्ष्यांसाठी हा फायद्याचा सौदा आहे. "प्रोफेशनल लोक फुलफ्रेम वापरतात" हे ऐकून ज्यांनी अदलाबदल केली, त्यांपैकी कित्येकांना लांब लेन्स परवडली नाही आणि ते अर्धा फोटो कापून वापरतात. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी निम्मी आणि उंची निम्मी केली की हातात फक्त ६ मेगापिक्सेल राहतात, हे लक्षात असू द्या.

वजनाचाही विचार करा. १५०-६०० जातीच्या लेन्स दोन किलोच्या आसपास असतात. विकत घेण्याआधी कोणाची तरी मागून घ्या आणि अर्धा तास डोळ्याला लावून उभे राहून बघा. हात थरथरायला लागले तर १००-४०० घ्या. जी लेन्स घरी राहते तिचा काही उपयोग नाही. मी ट्रायपॉडपेक्षा बीन बॅग (दाणे भरलेली छोटी पिशवी) जास्त वापरतो: गाडीच्या खिडकीवर, दगडावर, जमिनीवर, कुठेही टेकवता येते.

टेलिकन्व्हर्टर म्हणजे फुकटचे मिलिमीटर नव्हेत

टेलिकन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसवायची, मिलिमीटर वाढवणारी छोटी लेन्स. १.४ चा कन्व्हर्टर एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश खातो, २ चा दोन स्टॉप. एफचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी, म्हणून एफ ६.३ ची झूम अनुक्रमे एफ ९ आणि एफ १३ होऊन बसते. बऱ्याच डीएसएलआर (आत आरसा असलेल्या) कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस एफ ८ च्या पुढे साथच देत नाही. एफ ४ ची मोठी प्राइम (झूम न होणारी) लेन्स असेल तर कन्व्हर्टर जरूर वापरा. झूमवर नको.

आयएसओची भीती

ही माझी दुसरी खास तक्रार. आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला प्रतिसाद द्यायची पातळी, आणि नॉइज म्हणजे फोटोत दिसणारे दाणे. "आयएसओ ४०० च्या वर नेऊ नकोस, नॉइज येतो" असा सल्ला कोणीतरी कधीतरी दिलेला असतो आणि लोक तो आयुष्यभर पाळतात. झाडाच्या सावलीत, ढगाळ सकाळी, समोर वेडा राघू माशी पकडून बसलाय, आणि कॅमेऱ्यावर आयएसओ ४००, शटर १/१२५. फोटो गुळगुळीत, नॉइज अजिबात नाही, आणि पक्षी हललेला.

आयएसओ ४०० चा ३२०० केला की तीन स्टॉप मिळतात आणि तोच १/१२५ थेट १/१००० होतो. नॉइज कमी करणारी सॉफ्टवेअर आज उत्तम आहेत. हललेला डोळा खरोखर परत आणणारं सॉफ्टवेअर माझ्या पाहण्यात नाही, ते फक्त अंदाजाने नवा डोळा रंगवतं. आणि कमी आयएसओवर काळोखा फोटो काढून नंतर कॉम्प्युटरवर उजळवला तर नॉइज टळत नाही, तो तेवढाच बाहेर येतो, कधी जास्तही.

"पण माझ्या लेन्सला स्टॅबिलायझेशन आहे" हे पुढचं वाक्य ठरलेलं. ते तुमच्या हाताची थरथर सांभाळतं. पक्ष्याने मान वळवली तर त्याला ते काय करणार? लेन्सच्या मिलिमीटरइतका शटर ठेवायचा (६०० च्या लेन्सला १/६००) हा जुना नियमही हाताच्या थरथरीपुरताच आहे.

मी स्वतः काय करतो: कॅमेरा मॅन्युअलवर, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) बहुतेक वेळा पूर्ण उघडं, शटर मी ठरवतो, आयएसओ ऑटो. स्वस्थ बसलेल्या पक्ष्याला १/५००, चालत्या प्राण्याला १/८००, घारीसारख्या मोठ्या उडत्या पक्ष्याला १/१६००, छोट्या चपळ पक्ष्याला १/२५०० किंवा त्याहून जास्त. हरीण शांत उभं असेल तर आधी १/८०० वर चार फ्रेम घेतो आणि मग नॉइज कमी व्हावा म्हणून हळूहळू १/२५० पर्यंत उतरतो. आधी खात्रीचा फोटो, मग सुंदर फोटो.

पांढऱ्या बगळ्याला डोळे झाकून प्लस देणं

कुठेतरी वाचलेलं असतं: पांढऱ्याला प्लस, काळ्याला मायनस. प्लस म्हणजे कॅमेऱ्याला फोटो मुद्दाम उजळ करायला सांगणं, मायनस म्हणजे काळोखा. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर पक्षी बघत नाही, फ्रेममधला एकूण उजेड बघून तो मधल्या राखाडीवर आणायला जातो. बगळ्याने अख्खी फ्रेम भरली असेल तर प्लस बरोबर. पण गडद पाण्यात बगळा छोटासा दिसत असेल, तर मीटर आधीच फोटो उजळवून बसलेला असतो. त्यावर आणखी प्लस दिलात तर पिसं पांढरी फटक होतात आणि त्यांतला तपशील रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधूनही) परत येत नाही. तिथे मायनस एक, कधी त्याहून थोडा जास्त. पाठ केलेले आकडे सोडा, हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) बघा आणि उजवी भिंत सांभाळा, आलेख तिला चिकटला की पांढरं फटक. उजेडाकडे पाठ करून फांदीवर बसलेला काळा कोतवाल पक्षी याच्या बरोबर उलट, त्याला भरपूर प्लस लागतो.

एका ओळीच्या चुका

उभ्या उभ्या, वरून खाली फोटो काढणं: गुडघ्यावर या, जमलं तर पोटावर झोपा, डोळ्याला डोळा भिडला पाहिजे.

लेन्सवर स्वस्त यूव्ही फिल्टर: काढून ठेवा आणि लेन्स हूड (लेन्सच्या पुढचं ऊन अडवणारं कडं) कायम लावा.

फोकस पाठीवर: ६०० मिलिमीटर, एफ ६.३, दहा मीटर अंतर, एवढ्यात फुलफ्रेमवर फोकसची जाडी, म्हणजे स्पष्ट येणारा पट्टा, जेमतेम १० सेंटिमीटर असते. प्राण्यांचे डोळे ओळखणारा ऑटोफोकस असेल तर वापरा, पण समोर गवताची काडी आली तर एकच बिंदू निवडायची सवय हाताला हवी.

संथ मेमरी कार्ड: व्ही३० म्हणजे सेकंदाला ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी, आणि सेकंदाला दहा रॉ फ्रेम म्हणजे त्याच्या कितीतरी पट माल. ऐन वेळी कॅमेरा अडकतो तो इथे.

सायलेंट शटर (आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर) कायम चालू ठेवणं: सेन्सर सावकाश वाचला जात असेल तर उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे येतात. २०२१ मध्ये आलेल्या निकॉन झेड९ मध्ये यांत्रिक शटरच नाही, पण त्याचा सेन्सर फार वेगाने वाचला जातो. साध्या बॉडीने त्याची बरोबरी करायला जाऊ नये.

प्रत्येक फ्रेमनंतर स्क्रीन बघणं: मान खाली गेली की पक्षी उडतो.

घरट्याजवळ जाणं

वरच्या सगळ्या चुकांत फोटो बिघडतो. या चुकीत जीव जातो.

काही वर्षांपूर्वी आम्ही चौघे होतो. कमरेएवढ्या झुडपात बुलबुलाचं घरटं दिसलं, तीन पिल्लं. फोटोच्या आड दोन फांद्या येत होत्या. आमच्यातल्या एकाने त्या मोडल्या, "बॅकग्राउंड मोकळं होईल" म्हणून. मला ते पटलं नव्हतं, पण मी बोललो नाही. फोटो छान आले. दुसऱ्या दिवशी सकाळी घरटं रिकामं होतं आणि शेजारच्या झाडावर कावळे होते. त्या दोन फांद्याच त्या पिल्लांचा आडोसा होत्या. तो फोटो मी कधी कोणाला दाखवला नाही आणि त्या दिवशी गप्प राहिलो हे अजून सलतं.

तेव्हापासून घरट्याचे फोटो बंद. चुकून घरट्याजवळ पोचलो तरी ओळखता येतं: चोचीत अळी धरलेला पक्षी फांद्या बदलत राहतो, ओरडतो, पण आत जात नाही. तुम्ही तिथे आहात म्हणून पिल्लं उपाशी आहेत. कॅमेरा उचलून मागे फिरा, त्याच वाटेने.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं हाही तसलाच शॉर्टकट. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, आणि चारा शोधायचा वेळ तो भांडायला खर्च करतो. आमिष, पाळीव प्राणी, मांडून ठेवलेले देखावे या सगळ्याला मी याच रांगेत बसवतो. २००९ च्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचा फोटो पहिला आला होता. तो लांडगा माणसाळवलेला असण्याची दाट शक्यता आहे असं परीक्षकांचं मत झालं आणि जानेवारी २०१० मध्ये पुरस्कार काढून घेतला गेला. फोटोग्राफरने आरोप नाकारला होता. २०१८ मध्ये त्याच स्पर्धेतला मुंगीखाऊचा विजेता फोटो बाद झाला, कारण त्यातला प्राणी पेंढा भरलेला असावा असा निष्कर्ष निघाला. फोटोग्राफरने तोही मान्य केला नाही.

मला लोक विचारतात की किती जवळ गेलं तर चालतं. मी मीटरमध्ये उत्तर देत नाही. प्राणी चरायचा थांबला, मान वर करून तुमच्याकडे बघायला लागला, की तुम्ही आधीच एक पाऊल जास्त टाकलंय. तिथेच खाली बसा. तो पुन्हा चरायला लागेपर्यंत कॅमेराही उचलू नका.