खवळलेल्या पाण्यात पॅडल बोर्डवर उभं कसं राहायचं

सपाट पाण्यात जमलं म्हणजे लाटांतही जमेल असं वाटतं, पण वाऱ्याने पाणी उसळत असेल तर तोच पॅडल बोर्ड, म्हणजे उभं राहून वल्हवायची लांब फळी, वेगळाच वागतो. नेहमीचा बोर्ड 10-11 फूट लांब आणि साधारण 32 इंच रुंद असतो, शांत पाण्यात ही रुंदी आधार देते पण आडवी लाट आली की त्याच रुंद बोर्डची एक कड उचलली जाते आणि आपण दुसऱ्या बाजूने पाण्यात.

आधी वारा बघा. किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असेल तर जाऊच नका, कारण काठाजवळ पाणी शांत दिसतं आणि पुढे गेल्यावर परत येता येत नाही. हवा भरून फुगवायचा बोर्ड असेल तर त्यावर लिहिलंय तेवढी हवा पूर्ण भरा, कमी पडली तर लाटेवर मधोमध वाकतो. पाय बोर्डला जोडणारी दोरी सरळवाली घ्या, गुंडाळीवाली नको, ती ताणून सुटली की बोर्ड आपल्याच अंगावर येतो.

पाण्यात शिरताना बोर्ड बाजूला धरा, लाट आणि तुमच्या मध्ये कधीच नको. मोठ्या लाटांचा घोळका जाऊ द्या, मग गुडघ्यांवर बसून बोर्डचं नाक, म्हणजे पुढचं टोक, थेट लाटेकडे ठेवून जोरात वल्हवा.

लाटा फुटून होणारा फेस ओलांडला की उभे राहा. इथे पाय शेजारीशेजारी ठेवून भागत नाही, एक पाय अर्धं पाऊल मागे, गुडघे सैल, नजर पायांवर नाही तर पुढच्या लाटेवर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पॅडल, म्हणजे वल्हं, पाण्यातच राहू द्या! तोल जातोय वाटलं की नवखा माणूस पॅडल वर उचलतो आणि तिथेच पडतो, खरं तर त्याच क्षणी पात्याची सपाट बाजू पाण्यावर दाबायची, मी तर पॅडलला तिसरा पायच मानतो. फेसाची लाट समोर आली की वजन किंचित मागे, नाक वर चढलं की लगेच पुढे झुकून पलीकडच्या पाण्यात पातं खोल रोवायचं आणि ओढायचं. थांबलेला बोर्ड डुगडुगतो, चालता बोर्ड कितीतरी स्थिर.

पडलात तर बोर्डपासून लांब, अंग पसरून पडा, डोकं खाली करून सूर नको. वर येताना हात डोक्यावर धरा.

परतताना मागे बघत राहा आणि काठ जवळ आला की गुडघ्यांवर या. बोर्डच्या तळाचा फिन, म्हणजे माशाच्या परासारखं पातं, 8-9 इंचांचा असतो, तो वाळूत रुतला की बोर्ड जागीच थांबतो आणि माणूस पुढे फेकला जातो, म्हणून पाणी मांडीएवढं असतानाच उतरा.