पावसाळ्याचा गॅप आणि तोंडावर आलेली चतुर्थी: तबला-पेटी परत हातात घेताना या चुका टाळा

आमच्याकडे सिंधुदुर्गात हात सुटायचा सिझन ठरलेला असतो. मिरग (मृग नक्षत्र) लागला की तरवा (भाताची रोपं) काढणं, चिखलणी, लावणी, आणि मे महिन्याच्या लग्नांनंतर तबल्याचा जोड जो गवसणीत (कापडी खोळीत) जातो तो थेट श्रावणातल्या सप्त्याला बाहेर येतो. मधल्या दीड-दोन महिन्यांत कोणाला वेळ असतो? आणि मग चतुर्थी तोंडावर आली की सगळ्यांची एकच धावपळ, अरे माझा हात कुठे गेला. त्यात पंचांग दरवर्षी वेगळा झटका देतं. 2023 ला अधिक श्रावण होता म्हणून चतुर्थी 19 सप्टेंबरला आली, हात बसवायला भरपूर दिवस मिळाले. 2025 ला तीच 27 ऑगस्टला, म्हणजे तीन आठवडे अलीकडे, लावणीचा चिखल नखांतून निघतोय तोवर आरतीला बसायची वेळ.

मी भजनात तबला आणि पखवाज वाजवतो, गेली बरीच वर्षं. गॅपमुळे हात गेला असं म्हणणारे खूप बघितले, पण खरं सांगू का, गॅपमुळे हात कायमचा गेलेला माणूस मी तरी बघितला नाही. वाट लागते ती परत सुरू करताना जो शहाणपणा करतो त्याने.

हाताला शिव्या द्यायच्या आधी वाद्य बघा

ही सगळ्यात मोठी चूक म्हणून आधी हीच. आपल्याकडे जून ते सप्टेंबरमध्ये तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पापड सादळतात मग कातडं नाही सादळणार का. दमट हवेत पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, पाणी ओढते, सैल पडते, सूर उतरतो. तुम्ही दोन महिन्यांनी बसता, चाटेवरचा (पुडीच्या काठावरचा) ना हा बोल नीट निघत नाही, तुम्हाला वाटतं बोट बिघडलं, मग तुम्ही जोरात मारता, जोरात मारलं की मनगट कडक होतं, मनगट कडक झालं की तिरकिट अडकतं, आणि शेवटी कोपराजवळ दुखायला लागतं. आणि मूळ कारण काय तर सादळलेली पुडी. शक्य असेल तर पहिल्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या चांगल्या जोडावर पाच मिनिटं वाजवून बघा, लगेच कळतं दोष कोणाचा ते.

आता पुडी सैल आहे म्हणून हातोडा घेऊन गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणीवर) ठोकत सुटू नका आणि गट्टे (वाद्या ताणणारे लाकडी ठोकळे) पण एकदम खाली घेऊ नका. ओल्या पुडीला ओढून काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला) आणलीत आणि मग दोन दिवस कडक ऊन पडलं की ती स्वतःहून आणखी ताणते आणि चाटेपाशी फाटते. माझी एक पुडी अशीच गेलीय, आवाज आला तेव्हा मी जेवत होतो. आधी दोन-तीन दिवस घरातल्या कोरड्या जागी गवसणी काढून ठेवा, पंख्याच्या वाऱ्यावर चालेल, मग सुरात लावा. चुलीच्या जाळावर धरून पुडी तापवायची सवय आहे आपल्याकडे, ढोलकीला-डफाला करतात तसं, पण तबल्याला ते करू नका, शाई (मधला काळा लेप) तडकते, आणि सूर चढतो तोही तात्पुरता, अर्ध्या अभंगात परत खाली येतो आणि बुवा (भजन गाणारे) तुमच्याकडे बघायला लागतात. पखवाजाच्या डाव्या पुडीवरची कणीक मे महिन्यात खरवडून काढली नसेल तर तिथे बुरशी आणि झुरळं दोन्ही भेटतील, त्याला आता इलाज नाही, पुढच्या वर्षी लक्षात ठेवा.

पेटीवाल्यांचं वेगळं. पट्ट्या फुगतात, एखादी दाबली की वर येत नाही आणि सूर लागून राहतो. एखादी पट्टी मुकी असेल तर बहुतेक वेळा रीडच्या जिभेखाली कचरा असतो, पातळ कागद हळूच सरकवून काढता येतो, पण जीभ वाकवू नका. आणि भाता तपासा. भाता भरा, एकही पट्टी न दाबता थांबा आणि मनात आकडे मोजा, लगेच बसायला लागला तर कुठेतरी फट आहे किंवा उंदराने कापड खाल्लंय. फुटक्या भात्यावर वाजवणारा माणूस डाव्या हाताने सारखा हवा मारत राहतो आणि दहा मिनिटांत म्हणतो माझा स्टॅमिना गेला. तुझा नाही रे बाबा, भात्याचा गेला.

पहिल्याच दिवशी मे महिन्यातली लय

सगळे करतात. मीही केलं. लावणी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसलो आणि सरळ भजनातल्या गजराची चढती लय, द्रुतमध्ये. पहिली पाच मिनिटं मस्त गेली. तीच फसवणूक असते, कारण डोक्यात सगळं शाबूत असतं. शिकलेली हालचाल मेंदू सहजी विसरत नाही, वर्षांनी सायकल चालवता येते ना तसंच. पण ती हालचाल वेगात आणि बराच वेळ करणारे स्नायू मात्र तेवढ्यात ढिले पडलेले असतात. म्हणजे डोकं म्हणतं जमतंय आणि हात म्हणतो नाही. मी डोक्याचं ऐकलं. पुढचे बारा दिवस उजव्या हाताने चहाचा कप उचलताना कळ यायची आणि त्या वर्षी वाडीतल्या अर्ध्या आरत्यांना मी नुसता टाळ घेऊन उभा. आमचे बुवा सगळ्यांसमोर म्हणाले, "मेल्या, हात शेतात पुरून इलंस काय?"

माझ्या अनुभवात गॅपमध्ये सगळं एकदम जात नाही, क्रमाने जातं. आधी तयारी म्हणजे वेग, मग दम, मग बोलांचा निकास (स्वच्छ उमटणं), आणि ठेका सगळ्यात शेवटी. म्हणून परत येताना उलटं या. पहिले दोन-तीन दिवस फक्त ठेके, भजनी, दादरा, आठ आणि सहा मात्रा, अगदी ठाय (संथ) लयीत, लेहऱ्याचं (तालाला धरून फिरणाऱ्या सुरावटीचं) अ‍ॅप मिनिटाला 60 मात्रांवर लावून. कंटाळा येतो, येऊ दे. कान फक्त आवाजावर ठेवा, धा गोल येतोय का, बायाला (डग्ग्याला) घुमारा आहे का. मग एखादा कायदा (बोलांची ठराविक रचना), आणि वेग पाच-पाचने वाढवा, ज्या लयीला बोल पुसट व्हायला लागतील तिथून दहा खाली या आणि त्या दिवशी तिथेच राहा. बसायचं पण एकदम दोन तास नाही, सकाळी वीस मिनिटं आणि रात्री जेवणाआधी वीस. मधल्या झोपेत हात बसतो, हे थट्टेने नाही म्हणत, शिकलेली हालचाल पक्की व्हायला झोपेचा खरंच उपयोग होतो.

आणि एक. दिवसभर पॉवर टिलर धरलेला असेल तर त्या संध्याकाळी तबल्याला हात लावू नका. त्या थरथरीने पंजा बधिर झालेला असतो, पकड सुटलेली नसते, अशा हाताने वाजवलेलं सगळं चुकीचंच बसतं.

गॅप म्हणजे पूर्ण सुट्टी, हा गैरसमज

जोड गवसणीत गेला म्हणून रियाजही गवसणीत जायची गरज नाही. आपल्याकडे पढंत (बोल तोंडाने म्हणणं) कशाला आहे? तरवा काढताना तोंडाने धाधा तिट धाधा तिना चालू ठेवा, बोटांच्या जागा डोळ्यांसमोर आणा, लय पायाने नाही तर रोपांच्या मुठींनी मिळते, एक मूठ एक आवर्तन. शेजारच्या कुणग्यातल्या (शेताच्या तुकड्यातल्या) बायका हसतात, हसू देत. याला आधार पण आहे. 1995 साली अल्वारो पास्कुआल-लिओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियानो न येणाऱ्या लोकांना पाच बोटांचा एक छोटा धडा दिला, पाच दिवस रोज दोन तास, काहींनी खरोखर वाजवला आणि काहींनी फक्त मनात. मनात वाजवणाऱ्यांच्याही मेंदूत बोटं चालवणाऱ्या भागात बदल दिसला. हात प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांइतका सुधारला नाही, पण नंतर दोन तास खरंखुरं वाजवल्यावर ते जवळपास त्यांच्या बरोबरीला आले. मला हे कळलं तेव्हा वाटलं, आपले जुने लोक गुरं राखताना बोल म्हणायचे ते काय उगीच नाही.

उलट थोडा गॅप कधीकधी फायद्याचाच असतो. मे महिन्यात एक तुकडा महिनाभर घासून अडकलेला, ऑगस्टमध्ये हळू सुरू केला तर सरळ निघाला, कारण त्यातली चुकीची घाई मधल्या काळात विसरली गेली होती. म्हणून परत बसताना जुन्या सवयी मुद्दाम उकरून काढू नका.

चाकरमान्यांसाठी वेगळं दोन शब्द. वर्षभर मुंबईत खोलीत वाजवायला जागा नाही, शेजारी ओरडतात, आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री गाडीतून उतरून थेट डबलबारीला (दोन बुवांच्या भजनी सामन्याला) बसायची हौस. अकरा महिन्यांच्या गॅपवर हे चालत नाही हो. निघायच्या पंधरा दिवस आधीपासून उशीवर किंवा मांडीवर रोज पंधरा मिनिटं बोल काढा, आवाज नाही, तक्रार नाही. उशी बोट परत फेकत नाही त्यामुळे खरा निकास त्यावर कळत नाही, पण मनगट जागं होतं. आणि गावी आल्यावर पहिल्या रात्री झांज घ्या, तबला दुसऱ्या दिवशी.

बासरीवाल्यांची फुंक आणि सतार-गिटारवाल्यांचे बोटांवरचे घट्टे लवकर जातात, त्यांनी पहिले दिवस दहा मिनिटांवर जाऊच नये. दहावीचं वर्ष म्हणून क्लास बंद केलेल्या पोरांना पालक जूनमध्ये थेट पुढच्या परीक्षेच्या अभ्यासक्रमाला बसवतात, तेही नको, आधी मागच्या परीक्षेचं दोन आठवडे वाजवू द्या.

दुखणं कोणतं साधं आणि कोणतं नाही हे पण बघा. वाजवून झाल्यावर दंड जड वाटला आणि सकाळी ठीक, तर चालतं. पण वाजवताना एकाच जागी टोचतंय, बोटांना मुंग्या येतायत, रात्री झोपेत पंजा बधिर होतोय, तर थांबा आणि डॉक्टरला दाखवा, तेल चोळून आणि फडकं बांधून सप्ता काढू नका.

आणि हातोडा आत्ताच शोधून ठेवा. आमच्याकडे तो दरवर्षी चतुर्थीच्या आदल्या रात्री हरवतो आणि दिवाळीत माटवीच्या (गणपतीवर बांधायच्या चौकटीच्या) लाकडांत सापडतो.