सोलरचं पाणी कोमट येतंय? दोष खालून वर शोधत जा

पुण्यात नुसतं ‘सोलर’ म्हटलं की अजूनही आधी आठवतो तो गच्चीवरचा पाणी तापवणारा, वीज करणारा नंतर. थंडी पडली की तक्रार ठरलेली: ‘सोलरला गरम पाणी नाही.’ मग कुणीतरी मेकॅनिकला बोलावतं, तो संचाच्या दोनचार काचेच्या नळ्या बदलतो, पैसे जातात आणि पाणी पुन्हा कोमटच. अशा वेळी पुष्कळदा पाणी वर व्यवस्थित तापलेलं असतं, ते खाली येता येता बिघडतं. म्हणून तपास गच्चीवरून नव्हे, स्वयंपाकघरातल्या नळापासून सुरू करायचा.

आधी तापमान मोजा

१०० अंशांपर्यंतचा साधा डिजिटल थर्मामीटर, एक बादली आणि घड्याळ एवढं पुरे. दिवसभर स्वच्छ ऊन पडलंय असा दिवस निवडा. ढगाळ दिवशी किंवा पावसाळ्यात केलेली चाचणी काहीच सांगत नाही.

संध्याकाळी साडेपाच-सहाला सोलरच्या सर्वांत जवळचा गरम पाण्याचा नळ सोडा, पाइपातलं गार पाणी जाऊ द्या आणि मग मोजा. त्या दिवशी फारसं पाणी वापरलं नसेल तर ५५ ते ६० अंश यायला हरकत नाही. तोच आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, कुणी अंघोळ करायच्या आत पुन्हा घ्या. वर ६० आणि खालच्या मजल्यावर ३५ असेल तर दोष पाइपात किंवा मिक्सरमध्ये, म्हणजे गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या नळात. संध्याकाळी ६० आणि सकाळी ४५ असेल तर रात्रीतून उष्णता जातेय किंवा गार पाणी आत शिरतंय. संध्याकाळीच ४५ असेल तरच गच्चीवरच्या संचाकडे वळायचं.

हिशेब एकदा डोक्यात बसवून घ्या: ६० अंशांच्या एका बादलीत २० अंशांची एक बादली मिसळली की ४० अंशांच्या दोन बादल्या होतात. म्हणजे २०० लिटरची टाकी नीट तापली तर अंघोळीचं पाणी ४०० लिटर मिळतं. चार माणसांच्या घरात ते संपत असेल तर ते कुठेतरी वाया जातंय.

मिक्सरची चोरी

ही चाचणी पाच मिनिटांची आहे. गच्चीवर सोलरच्या टाकीतून बाहेर पडणाऱ्या गरम लाइनचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. खाली येऊन स्वयंपाकघरातला फक्त गरम पाण्याचा नळ सोडा. लाइनमध्ये उरलेलं पाणी काही वेळ येईल, मग धार बारीक होत बंद पडायला हवी. बंद न पडता गार पाणी जोरात येतच राहिलं, तर ते सोलरचं नाही. घरातल्या कुठल्या तरी मिक्सरमधून थंड लाइनचं पाणी गरम लाइनमध्ये घुसतंय.

आता नळ तसाच चालू ठेवून एकेका बाथरूमच्या मिक्सरखालचे अँगल कॉक (भिंतीतून येणाऱ्या लाइनवरच्या छोट्या चाव्या) बंद करत जा. ज्या कॉकपाशी धार थांबेल, चोर तिथला. सहसा हँड शॉवरचा मिक्सर निघतो: शॉवरच्या टोकाला बटण दाबून पाणी बंद केलेलं असतं, पण मिक्सरचा दांडा उघडाच राहतो. गरम आणि थंड लाइन आतल्या आत जोडलेल्या राहतात आणि ज्या बाजूला दाब जास्त ती दुसरीत ढकलते. थंड लाइनला प्रेशर पंप आणि गरम लाइन नुसत्या उताराने, अशी जोडणी असेल तर हे होणारच. फ्लॅट नव्याने सजवताना नेमकं हेच केलं जातं, शॉवरला जोर हवा म्हणून फक्त थंड बाजूला पंप!

उपाय दोन. सवयीचा उपाय म्हणजे मिक्सर नेहमी दांड्यानेच बंद करणं, आणि आतलं कार्ट्रिज (दांड्याखालचा पाणी उघडबंद करणारा भाग) झिजलं असेल तर बदलणं. पक्का उपाय म्हणजे दोन्ही लाइनचा दाब सारखा ठेवणं, दोन्ही पंपावर किंवा दोन्ही उतारावर. पंप बसवायचाच तर सोलरच्या टाकीतून पाणी बाहेर पडल्यानंतरच्या लाइनवर आणि गरम पाणी सोसणाराच घ्या. टाकीच्या आधी पंप लावून सोलरवर दाब देऊ नका. नळ्यांच्या साध्या संचाची टाकी दाबासाठी केलेली नसते. नळ्यांच्या तोंडच्या रिंगा गळायला लागतात.

प्लंबर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, सुचवेल. सूचना बरोबर आहे, पण बसवताना चूक होते. स्प्रिंगचा एनआरव्ही उघडायला थोडा दाब लागतो आणि वरच्या मजल्यावर, गच्चीच्या अगदी खाली, तो दाब मिळत नाही. मग गरम पाण्याची धार करंगळीएवढी होते. अशा ठिकाणी झडपेचा एनआरव्ही घ्या आणि तो आडव्या पाइपात, बाणाची दिशा बघून बसवा. खाली उतरणाऱ्या उभ्या पाइपात झडप मिटतच नाही.

पाइपातलं पाणी

एक इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या) पाइपात मीटरमागे ४०० मिलीलिटरहून थोडं जास्त पाणी मावतं. पाच मजली इमारतीत तळमजल्यापर्यंतचा प्रवास आडवा-उभा धरून ३५ मीटर होतो, म्हणजे जवळजवळ १५ लिटर गार पाणी सोडल्यावर गरम पाण्याचा पहिला थेंब. तळमजल्याची तक्रार म्हणजे आळशीपणा नव्हे, एवढं वरच्या मजल्याने समजून घ्यावं.

घर एकटं असेल तर गच्चीवरच्या गरम पाइपावर फोमचं वेष्टण घालून वर अॅल्युमिनियमची टेप गुंडाळा. उघडा काळा फोम उन्हात भुसभुशीत होऊन गळून पडतो. सोसायटीत रिटर्न लाइन (पाइपात गार झालेलं पाणी परत टाकीत नेणारी), ते फिरवणारा छोटा पंप आणि टायमर हाच खरा इलाज. पंप पहाटे पाच-साडेपाच ते नऊ एवढाच चालवा. तो रात्रभर फिरत राहिला तर टाकीतली उष्णता पाइपांतून उडून जाते. गरम लाइनला साधा पीव्हीसी पाइप कुणी लावला असेल तर तो मऊ पडून झुकतो, आणि झोळ पडला की तिथे हवा अडकते.

नळ फुरफुरत, खोकल्यासारखा येत असेल तर संशय हवेचाच. सोलरच्या टाकीच्या डोक्यावर उभा, वरून उघडा व्हेंट पाइप असतो. त्याचं टोक थंड पाण्याच्या टाकीतल्या पातळीच्या वर हवं, नाहीतर पाणी तिथून सांडतं. ते सांडणं थांबवायला व्हेंटवर टोपी बसवणारे महाभाग आहेत. थंड टाकी रिकामी झाली आणि सोलरमधलं पाणी खाली ओढलं गेलं की हवा आत यायला वाट उरत नाही, आणि आतली स्टीलची टाकी डब्यासारखी चेपते. ती दुरुस्त होत नाही. थंड टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर आहे ना, हेही बघून घ्या.

आता गच्चीवर

पहिली गोष्ट सावली. डिसेंबरात पुण्यात सूर्य सर्वांत वर येतो तो साडेबाराच्या सुमारास, आणि तेव्हाही क्षितिजापासून ४८ अंशांवरच. सकाळी नऊला तर तो २३ अंशांवर असतो, म्हणजे ३ मीटर उंच टाकीची सावली सुमारे ७ मीटर लांब पडते. मे महिन्यात स्वच्छ दिसणारी जागा थंडीत अर्धा दिवस सावलीत असू शकते. सोलर बसवल्यानंतर दक्षिणेला किंवा पूर्वेला नवी टाकी, पत्र्याची शेड किंवा शेजारची इमारत आली असेल तर नळ्या बदलून काही होणार नाही.

मग नळ्या. टोपी काढून प्रत्येक नळीचं खालचं टोक पाहा. तिथे आरशासारखा चंदेरी लेप असतो. नळीच्या दोन काचांमधली निर्वात पोकळी शाबूत असेपर्यंत तो चमकतो. हवा शिरली की तोच लेप दुधासारखा पांढरा पडतो. दुसरी खूण बोटाला कळते: भर उन्हात चांगल्या नळीची बाहेरची काच गार लागते, कारण उष्णता आतच राहते. जी नळी हाताला गरम लागते ती उष्णता बाहेर टाकतेय. अशाच नळ्या बदला, सरसकट सगळ्या नाहीत. विकत घेण्याआधी मोजून घ्या, ४७ मिलिमीटर व्यासाची की ५८, लांबी १५०० की १८००.

नळी काढायची ती पहाटे, ऊन यायच्या आत. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून टाकी पूर्ण रिकामी करा. आतलं पाणी भाजण्याइतकं गरम असू शकतं, तेव्हा हातमोजे घाला. नळी हलकेच पिळत थोडी वर टाकीत सरकवा, खालचा कप सोडवा, मग खाली ओढून घ्या. परत बसवताना सिलिकॉन रिंगला साबणाचं पाणी लावा, तेल किंवा ग्रीस नको. आणि भरणंही उन्हाच्या आधीच. रिकामी नळी उन्हात २०० अंशांच्या वर तापते. तिच्यात गार पाणी पडलं की तडकते, आणि या संचात पाणी नळ्यांतच असल्यामुळे एक फुटली तरी सगळी टाकी वाहून जाते.

क्षार, बोअरचे आणि टँकरचे

खडकवासल्याचं पाणी मऊ आहे, त्यावर चालणारे सोलर वर्षानुवर्षं तक्रार करत नाहीत. वाघोलीसारख्या टँकर आणि बोअरवर अवलंबून असलेल्या भागांत गोष्ट वेगळी. पाणी जितकं तापेल तितका चुना बाहेर पडतो. काचेच्या नळीत तो गाळ होऊन तळाशी बसतो, तांब्याच्या बारीक पाइपांच्या जुन्या सपाट पॅनेलमध्ये तो वाटच बुजवतो. म्हणून जड पाण्याला नळ्यांचा संचच बरा.

वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, टाकीचा ड्रेन सोडून गाळ काढा. ५८ बाय १८०० च्या नळीत सुमारे पावणेतीन लिटर पाणी मावतं. लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक अॅसिड या मापाने द्रावण करून सुट्या काढलेल्या नळ्यांत तीन-चार तास ठेवा, मऊ ब्रशने घासा, दोनदा धुवा. संडास-बाथरूम धुवायचं अॅसिड चुकूनही टाकीत ओतू नका. त्यातलं क्लोराइड स्टीलला बारीक भोकं पाडतं. तांब्याचं पॅनेल चोंदलं असेल तर ते जाणत्या माणसाकडूनच साफ करून घ्या.

त्याच वेळी टाकीतली मॅग्नेशियमची कांडी बाहेर काढून बघा. टाकीऐवजी ती झिजावी यासाठीच असते. बोटाएवढी जाड कांडी नुसत्या तारेवर आली असेल तर बदलायची वेळ टळत आलीय. विकणारे तिचं नावही काढत नाहीत.

हीटर, आणि सवलत

टाकीत बसवलेला २ किलोवॅटचा हीटर पावसाळ्यापुरता. २०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला ७ युनिट जातात, म्हणजे साडेतीन तास. डिसेंबरात तो रोज लागत असेल तर वरचा एखादा दोष लपतोय. त्याला टायमर, स्वतंत्र अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. टाकी अर्धी असताना चालू केला तर कॉइल जळते.

पुणे महापालिकेची मिळकत करातली सवलत चालू स्थितीतल्या सोलरसाठी असते, गच्चीवर गंजत पडलेल्या सांगाड्यासाठी नाही. दुरुस्तीचा खर्च सभेत मांडताना हा मुद्दा उपयोगी पडतो.

एप्रिल-मेमध्ये पंधरा दिवस गावाला जाणार असाल तर टाकी रिकामी करून जाऊ नका, भरलेली ठेवा आणि नळ्यांवर गोणपाट किंवा हिरवी शेडनेट बांधा. परत आल्यावर आधी व्हेंटमधून वाफ येतेय का ते बघा, आणि पहिला नळ बादलीत सोडा, हातावर नाही.