पपईला कळी लागली का? झड लागायच्या आत ओळीओळीत फिरून या

फेब्रुवारी-मार्चात लावलेल्या पपईला आता कळी दिसायला लागली असेल. खानदेशात शहादा, तळोदा, शिरपूर, चोपडा, रावेर, कुठेही जा, सगळे आत्ता एकाच कामात, निंदणी आणि खत, आणि कळी बघून फळ न देणारी नर झाडं काढायचं काम कोणी करत नाही. एकदा झड लागली की आपल्या काळ्या मातीत आठ-आठ दिवस पाय टाकता येत नाही, वाफसा येईस्तोवर नराचे तुरे हातभर लोंबतात, मग आपण म्हणतो राहू दे आता, दिवाळीला बघू. हे "दिवाळीला बघू" मी इतक्या वावरात पाह्यलंय की आता राग येतो.

माझ्या स्वतःच्या पहिल्या प्लॉटात हेच झालं. नर्सरीवाल्याने तैवान ७८६ जातीची म्हणून रोपं दिली, बिल नाही, पाकीट दाखवलं नाही, रोप दोन-तीन रुपयांनी स्वस्त म्हणून मीही विचारलं नाही. जुलैत शेजारचा भाऊ बांधावरून ओरडला, "भाऊ, हाई काय शे?" बघतो तर झाडाला झुंबरासारखं काहीतरी लोंबतंय. एका एकरात शंभराच्या वर नर निघाले. खऱ्या ७८६ मध्ये नर झाड नसतंच, मादी आणि उभयलिंगी (एकाच फुलात नर-मादी दोन्ही) अशी दोनच. लांब तुऱ्याचा नर दिसला की समजायचं बी भेसळ आहे, बांधावरच्या देशी नराचं परागण झालेल्या फळाचं बी कोणीतरी वापरलंय. आणि मी काय केलं, तर ते नर तसेच ठेवले, म्हटलं बघू.

आता हिशोब बघा. राहुरी कृषी विद्यापीठाची शिफारस झाडाला वर्षाला २००-२००-२०० ग्रॅम नत्र, स्फुरद, पालाश, चार हप्त्यात. म्हणजे एका हप्त्याला साधारण ११० ग्रॅम युरिया, ३१० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, ८०-८५ ग्रॅम पोटॅश, मिळून झाडामागे अर्धा किलो. शंभर नर म्हणजे दर हप्त्याला ५० किलो, एक गोणी खत नुसतं नरांच्या घशात. पाणी आणि मजुरी वेगळी.

ओळखायचं कसं ते सांगतो. रोपात ओळखता येत नाही, हे आधी डोक्यात घ्या. मुळी सरळ असली तर मादी, वाकडी असली तर नर, काळं बी, भुरकं बी, पाण्यात बुडणारं बी, ही सगळी पारावरची गोष्ट. पानाच्या तुकड्यावरून लॅबमध्ये डीएनए टेस्ट होते पण आपल्यासारख्याने हजार रोपांची टेस्ट कुठे करत बसायची. माझा एक अंदाज आहे की नर झाड थोडं आधी कळी धरतं आणि सडपातळ उंच जातं, पण या अंदाजावर विळा चालवू नका, कळी बघूनच चालवा.

पानाचा देठ खोडाला जिथे चिकटतो त्या बगलेत कळी येते. नराची कळी सुरुवातीलाच दांडी लांबवते, दांडीला फांद्या फुटतात आणि त्यावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्यांचा झुबका. मादीची कळी खोडाला चिकटून, एकटी नाहीतर दोन-तीन, बुडाशी गोल फुगीर, टोकाला निमुळती. उभयलिंगीची दांडी आखूडच, पण कळी लांबट, दंडगोल. शंका असली तर एक मोठी कळी तोडा, अंगठ्याच्या नखाने उभी चिरा. मादीत आत हिरवा गोळा आणि वर झालरीसारखं पाच फाट्याचं टोक, पिवळं काही नाही. उभयलिंगीत मधे काकडीसारखा लांब गाभा आणि भोवती पिवळे दहा पुंकेसर. नरात पिवळे पुंकेसर आहेत पण मधे गाभ्याच्या जागी सुईसारखी बारीक काडी. डोळ्याला दिसत नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करा, पोरगं दोन मिनिटात दाखवेल.

इथे एक गडबड होते ती नीट ऐका. मे-जूनच्या उन्हात उभयलिंगी झाडाची फुलं नुसती गळतात, गाभा सुकतो, फळ धरत नाही. तेव्हा शेतकरी घाबरून म्हणतो हा नर, आणि चांगलं झाड तोडून टाकतो. फळ धरलं नाही म्हणून नर होत नाही भाऊ, दांडी बघा. दांडी आखूड असली तर थांबा, पावसाच्या गारव्यात ते झाड फळ धरेल. आणि लांब फळ त्याच झाडाला येतं, गर जाड, व्यापारी तेच आधी उचलतो. मादीचं फळ गोलसर आणि आत पोकळी जास्त.

दुसरी गडबड उलटी. कोणी पुसा ड्वार्फ किंवा कोइमतूरची सीओ-२ लावली असेल तर त्यात नर आणि मादी वेगवेगळ्या झाडावर असतात, तिथे सगळे नर तोडले तर परागकण कुठून येणार, मादी फुलं गळतील. अशा प्लॉटात दहा मादीमागे एक नर, तोही सगळीकडे विखुरलेला ठेवा, एका कोपऱ्यात नको. अशा जातीत एका आळ्यात दोन-तीन रोपं लावून कळीला एकच ठेवायची पद्धत त्याचसाठी आहे. ७८६ मध्ये मात्र एकही नर ठेवायचं काम नाही, उभयलिंगी झाडं परागकण देतात.

दुकानदार या दिवसात एक बाटली पुढे करतो, म्हणे नराचं मादी होतं. काकडी-भोपळ्यात इथ्रेल नावाच्या संप्रेरकाच्या फवाऱ्याने मादी फुलं वाढतात हे खरं, त्याच्या जोरावर पपईवाल्याला गंडवतात. पपईचं लिंग बियातच ठरलेलं असतं. कधी नराला थंडीत लोंबत्या दांडीवर वेडीवाकडी फळं लागतात, ती बाजाराच्या कामाची नाहीत. नराची मादी व्हावी म्हणून खोडात खिळा ठोकणं तर सोडाच, त्या भोकातून पाणी जाऊन खोड सडतं. त्या बाटलीच्या पैशात दोन मजूर लावून सगळा प्लॉट तपासून होतो.

बाकीची नेहमीची कामं, थोडक्यात:
- चर मोकळे करा, एक-दोन दिवस पाणी साचलं तरी झाड जातं
- खोडाला मातीची भर
- बुंध्याशी कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक, लिटरला २.५ ते ३ ग्रॅम, आळवणी (मुळाशी ओतायचं)
- व्हायरसचं झाड उपटून वावराबाहेर, त्यावर औषध नाही
- मावा बघत राहा, कडेला मका-ज्वारीच्या ओळी

नर तोडताना उपटू नका, शेजारच्या झाडाच्या मुळ्या हलतात, जमिनीलगत विळ्याने कापा. व्हायरसवाल्या झाडाला लावलेला विळा दुसऱ्याला लावायचा नाही. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, आग होते. नराच्या खोडाला आधी चुन्याचा पट्टा मारत जा, दुसऱ्या दिवशी परत एकदा कळी बघा, मगच कापा, घाईत एखादं उभयलिंगी जातं. नांग्या (रिकाम्या झालेल्या जागा) भरायला पिशवीतली रोपं असली तर आत्ताच लावा, ऑगस्ट उजाडला की मोठ्या झाडांच्या सावलीत रोप नुसतं काडी होतं. रोपं नसली तर जागा मोकळी राहू द्या, पण त्या आळ्याचा ड्रिपर बंद करायला विसरू नका.