नुकतंच वाचायला लागलेल्या मुलांसाठी गोष्ट कशी लिहायची

पहिली-दुसरीतल्या मुलांसाठी लिहायचंय ना, मग आधी जोडाक्षरं मोजा, खरंच मोजा. ‘प्रचंड वृष्टी झाली’ लिहिलंत की मूल ‘प्र’वरच अडकतं आणि पाऊस राहतो बाजूला, त्यापेक्षा ‘धो धो पाऊस आला’ लिहा, एकही जोडाक्षर नाही आणि पाऊस ऐकूही येतो. ‘छत्री’सारखं एखादं चालतं, घरात रोज बोलतातच तो शब्द. आणि चित्रात छत्री लाल दिसतेय तर ते परत लिहू नका, ती उलटी झाली, मांजर भिजलं, ते लिहा.

मग मुलाला जवळ घेऊन मोठ्याने वाचा आणि त्याच्याकडे बघत रहा. माझी भाची एका ओळीला फ्रॉकचं बटण फिरवायला लागली, मला ती ओळ फार आवडायची तरी उडवली. मुलानेच ‘मग?’ असं विचारलं की जमलं. उपदेश नको प्लीज, मुलांना लगेच कळतो.

भाषेसाठी बालभारतीचं ‘किशोर’ वाचा, १९७१ पासून निघतंय, जुने अंक नेटवर फुकट मिळतात. ते जरा मोठ्या मुलांचं आहे, पण वाक्यं कशी बोलल्यासारखी वाहतात ते कानाला कळतं.