गिरणगाव वर्षानुवर्षं शूट करायचंय? मग हे वाचा

पुढे पडकी गिरणी, मागे काचेचा टॉवर, हा फोटो लालबाग-परळमध्ये, म्हणजे मुंबईच्या जुन्या कापड गिरण्यांच्या भागात, सगळ्यांनी काढून झालाय, तुम्ही पण काढा आणि मोकळे व्हा. खरं काम त्यानंतरचं, म्हणजे त्याच जागी परत परत जायचं.

जागा चार-पाचच धरा. करी रोडचा पूल, भारतमाता सिनेमाचा नाका, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी, एवढ्या पण पुष्कळ झाल्या. प्रत्येक ठिकाणी नेमकं कुठे उभे होतात ते लिहून ठेवा, पण "वडेवाल्यासमोर" असं नको, वडेवाला उद्या नसेल. मोबाईलच्या जीपीएसवर पण पूर्ण विसंबू नका, टॉवरच्या गर्दीत तो भरकटतो. सोपी युक्ती म्हणजे फ्रेममध्ये एक जवळची आणि एक लांबची वस्तू पकडायची, समजा पुलाचा कठडा आणि मागच्या गिरणीच्या चिमणीची कड, पुढच्या वेळी जुना फोटो मोबाईलवर उघडून त्या दोन कडा जुळेपर्यंत डावी-उजवीकडे सरकायचं, जुळल्या की जागा सापडली. लेन्स तीच, झूम नको, महिना आणि वेळ शक्यतो तीच, नाहीतर सावल्याच बदलतात आणि बाकी काय बदललं ते कळत नाही. गणपतीतलं लालबाग वेगळंच असतं, त्याची सिरीज वेगळी ठेवा.

आणि कंटाळवाण्या गोष्टींचे पण फोटो काढा प्लीज! दुकानाच्या पाट्या, रेटबोर्ड, जिन्याखालच्या नावांच्या पट्ट्या, टॅक्सी स्टँड. एल्फिन्स्टन रोड स्टेशन 2018 मध्ये प्रभादेवी झालं, काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, रोज डोळ्यासमोर होतं तोवर कोण काढतंय फोटो.

माणसांचं मात्र घाईचं आहे. गिरणी कामगारांचा संप सुरू झाला 18 जानेवारी 1982 ला, तेव्हा विशीत असलेले कामगार आता साठीच्या पुढे गेलेत. त्यांच्याकडे पहिल्या दिवशी कॅमेरा बाहेर काढूच नका, "काका, कुठल्या खात्यात होतात?" एवढं विचारा, साचेखातं (मागांचं, विणकामाचं खातं) म्हणाले की पुढचा तासभर तुम्हाला बोलायची गरज नाही. फोटो नंतर, विचारून. चाळीत दारं उघडी असतात म्हणून आत कॅमेरा रोखायचा नाही, 160 चौरस फुटात अख्खं घर असतं, कोणी जेवत असतं, कोणी झोपलेलं. आणि पुढच्या खेपेला प्रिंट घेऊन जा, व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो वाहून जातो, प्रिंट शोकेसमध्ये लागते आणि मग मावशी स्वतःहून शेजारच्यांना हाक मारतात.

बीडीडीतली बिऱ्हाडं आता पुनर्विकासात 500 फुटांच्या फ्लॅटमध्ये जातायत. ओळख झाली असेल तर जुन्या खोलीत सगळ्या घराचा एक फोटो काढून ठेवा, नव्या घरात तीच माणसं, त्याच क्रमाने उभी करून दुसरा. मधल्या काळात नातू उंच झालेला असतो, आजी कधीकधी नसते, तिची जागा मोकळीच सोडा, माणसं सरकवून भरू नका.

फाईलचं नाव तारखेने सुरू करा, 2025-08-14 असं, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. सोबत जागा, तोंड कुठल्या दिशेला होतं ते, आणि परवानगी असेल तर नावं. कॉपी दोन हार्डडिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या कोणाच्या घरी, पावसाळ्यात तळमजल्यावर तर अजिबात नको.