काचेला चिकटलेला जुना फोटो: आधी स्कॅन, मग फ्रेम

कोल्हापूरच्या जुन्या घरांतले फोटो बहुधा पावसाळ्यात बिघडतात. भिंतीला ओल येते, फ्रेममागचा पुठ्ठा ती शोषतो आणि फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला चिकटतो. असा फोटो सुरीने किंवा पाणी मारून सोडवू नका, पणजोबांचा चेहरा काचेवरच राहील! काचेसकट स्कॅन करा.

सुटा फोटो कडांनी धरा, मऊ ब्रशने धूळ झाडा. कृष्णधवल असला तरी फ्लॅटबेडवर (सपाट काचेच्या स्कॅनरवर) रंगीत मोडमध्ये ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. पिवळे डाग नंतर वेगळे काढता येतात. पोस्टकार्डापेक्षा लहान असेल तर १२००. मूळ फाइल टिफमध्येच (दर्जा न घटवणारा फाइलप्रकार) ठेवा, जेपेग फक्त व्हॉट्सॅपसाठी.

मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, मोडीतली ओळ तिथेच सापडते. समूहात खुद्द राजर्षी शाहू महाराज असतील तर फोटो मे १९२२ मधल्या त्यांच्या निधनापूर्वीचा. हातातली प्रिंट मात्र नंतरची असू शकते. नावं मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

पुन्हा फ्रेम करताना काच आणि फोटोत आम्लरहित माउंट (मधे खिडकी कापलेला पुठ्ठा) घालून २-३ मिमी फट ठेवा.